व्यापार करारात उद्योजकांचा सल्ला कुठपर्यंत घ्यावा?

कागदपत्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

व्यापार कराराची बातमी आली की आपण दोनच गोष्टी वाचतो: सह्या कुणी केल्या आणि कशावरचं शुल्क उतरलं. त्याआधी दोन-दोन, पाच-पाच वर्षं वाटाघाटी चालतात. त्या काळात सरकारच्या कानाशी कोण बसलेलं असतं यावर फारसं कुणी बोलत नाही. मी बावीस वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतोय. या विषयावर इथे मोकळेपणी चर्चा व्हावी असं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तपशिलासाठी उद्योगातल्या माणसांशिवाय सरकारचं पान हलत नाही, आणि हलूही नये. पण कराराची दिशा त्यांनी ठरवायची नाही. कुणी काय सल्ला दिला हेसुद्धा करार मंजूर होण्याआधी लोकांना कळलं पाहिजे.

थोडा इतिहास, कारण आजची चौकट तिथूनच आली. अमेरिकेत १९३० साली स्मूट-हॉली कायद्याने आयात शुल्कं वाढवली. कायदा शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी म्हणून निघाला होता. संसदेच्या समित्यांपुढे एकेक धंदा येत गेला, प्रत्येकाने आपापल्या मालावर शुल्क मागितलं आणि "तुझ्या मालाला मी मत देतो, माझ्या मालाला तू दे" असं करत यादी फुगत गेली. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना सही करू नका असं पत्र लिहिलं. त्यांनी १७ जूनला सही केली. इतर देशांनीही उलट शुल्कं लावली. त्या सुनावण्यांत उद्योग बोलत होते यात गैर काहीच नव्हतं. त्यांची मागणी दुसऱ्या कुणाच्या मागणीशी ताडून बघणारं मात्र कुणी नव्हतं, खोट तिथे होती.

१९३४ च्या कायद्याने संसदेने शुल्क कमी करण्याच्या वाटाघाटींचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे दिला. मग उलटीच अडचण आली. अनेक देशांच्या एकत्रित व्यापार वाटाघाटींच्या केनेडी फेरीत (१९६४-६७) अमेरिकी वाटाघाटीकारांनी शुल्क आकारण्यासाठी काही रसायनांचं मूल्य ठरवण्याची जुनी पद्धत सोडायचं कबूल केलं, आणि घरी परतल्यावर संसदेने ते मान्यच केलं नाही. दिलेला शब्द वाया गेला. त्यातून धडा घेऊन १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम १३५ आलं. वाटाघाटी चालू असतानाच खासगी क्षेत्राचा सल्ला घ्यायचा, त्यासाठी समित्या नेमायच्या आणि करार झाल्यावर त्या समित्यांनी आपला अहवाल राष्ट्राध्यक्ष व संसदेला द्यायचा. सदस्यांना गोपनीयतेच्या अटीवर मसुदेही दाखवले जातात. पाच वर्षांनी, पुढच्या म्हणजे टोकियो फेरीचा कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ४ आणि प्रतिनिधिगृहात ३९५ विरुद्ध ७ मतांनी पार पडला. वाटाघाटी पूर्ण करणारे रॉबर्ट स्ट्रॉस मुरलेले राजकारणी होते, त्याचा वाटा मोठाच. पण समित्यांत बसलेले उद्योग आधीच विश्वासात घेतलेले होते, हेही तितकंच खरं.

आता माझा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका सल्लामसलतीच्या बैठकीला एका संघटनेच्या वतीने गेलो होतो. निरोप चार दिवस आधी आला, सोबत तीनशेहून जास्त शुल्क ओळींचा (एक ओळ म्हणजे एका प्रकारचा माल) तक्ता. प्रत्येक ओळीपुढे "सवलत द्यावी / देऊ नये" एवढेच दोन रकाने. चार दिवसांत मी सभासदांना फोन करून जेमतेम चाळीस ओळींची माहिती जमवली. उरलेल्यांवर संघटनेच्या अध्यक्षांनी स्वतःच्या कारखान्याच्या सोयीने खुणा केल्या. ते अप्रामाणिक नव्हते. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी लिहिलं. पण तो तक्ता "उद्योगाचं मत" म्हणून पुढे गेला, आणि ते मला आजही खुपतं.

तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील.

मोजपट्टी

उत्तम धागा. मी मूळ देश नियमांवर, म्हणजे रूल्स ऑफ ओरिजिनवर काम करतो, म्हणून तेवढंच बोलतो. उद्योगाचा सल्ला सरकारला का लागतो हे याहून चांगलं कुठे दिसत नाही.

शुल्क शून्य केलं म्हणजे सवलत मिळाली असं होत नाही. माल "त्या देशात बनलेला" आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि "बनलेला" म्हणजे काय हे कराराच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं. उत्तर अमेरिकेच्या जुन्या नाफ्टा करारात कपड्यांसाठी सूत कातण्यापासून पुढची प्रत्येक पायरी त्याच प्रदेशात व्हावी असा नियम होता. बाहेरच्या सुताचा शर्ट कितीही तिथेच शिवा, सवलत नाही. एका वाक्याने सगळ्या पुरवठा साखळीची दिशा ठरते. असं वाक्य सूतगिरणीला सोयीचं आणि शिवणाऱ्याला जाचक असतं.

मोटारींचं उदाहरण आणखी बोलकं आहे. नाफ्टाच्या जागी १ जुलै २०२० ला नवा करार लागू झाला, त्यात मोटारीच्या मूल्यातला प्रादेशिक वाटा ६२.५ वरून ७५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. शिवाय मोटारीच्या मूल्याचा ४० टक्के आणि पिकअप ट्रकच्या मूल्याचा ४५ टक्के भाग तासाला सरासरी १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातून यायला हवा. ऐकायला एकच धोरण. परिणाम मात्र दोन. करार झाला तेव्हा अमेरिकेचं नेहमीचं शुल्क मोटारीवर होतं २.५ टक्के आणि पिकअपवर २५ टक्के. (ते २५ टक्के १९६४ पासूनचे, कोंबडीच्या मांसावरून युरोपशी झालेल्या भांडणातले.) म्हणजे नियम पाळणं फार महाग पडलं तर मोटारवाला तेव्हा सरळ २.५ टक्के भरून मोकळा होऊ शकत होता. पिकअपवाल्याला तो मार्गच नव्हता. नियम किती ताणला तर तुटतो हे कारखान्यात सुट्या भागांचे हिशेब ठेवणाऱ्याला कळतं. मंत्रालयातल्या माणसाला कळायला वर्षं लागतील.

म्हणून माझा आग्रह असा की समितीत कंपन्यांचे प्रमुख कमी असावेत, खरेदी आणि खर्चाचा हिशेब पाहणारे जास्त.

औषधवेल

मोजपट्टी, तपशिलाबद्दल पूर्ण सहमत. पण "फक्त तपशील सांगतो" म्हणत आलेली माणसं अख्खा विषयच टेबलावर आणून ठेवतात, त्याचं काय?

माझं क्षेत्र औषधांचं आहे, त्यामुळे हे मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सर्वोच्च व्यापार सल्लागार समितीचे अध्यक्ष होते एडमंड प्रॅट, आणि ते त्याच वेळी फायझरचेही प्रमुख होते. पेटंट हा तोवर व्यापार वाटाघाटींचा विषयच नव्हता. त्यासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय संस्था होती आणि प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार कायदा करत असे. बऱ्याच देशांत औषधाच्या रेणूला पेटंट मिळतच नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डझनभर मोठ्या कंपन्यांनी बौद्धिक संपदेसाठी एक समिती काढली, त्यात फायझर आणि आयबीएम पुढे होत्या. त्यांनी युरोप आणि जपानच्या उद्योग संघटनांना सोबत घेतलं आणि १९८८ मध्ये कराराचा जवळजवळ आराखडाच मांडला. जागतिक व्यापार वाटाघाटींच्या युरुग्वे फेरीअखेर १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला सह्या झाल्या, त्यात ट्रिप्स हा बौद्धिक संपदेचा करार होता. जागतिक व्यापार संघटनेच्या सगळ्या सदस्यांना पेटंटची किमान मुदत २० वर्षं. विकसनशील देशांना संक्रमणाचा काळ मिळाला, पण कायदा शेवटी बदलावाच लागला.

एचआयव्हीची औषधं आफ्रिकेतल्या रुग्णांच्या आवाक्यात नव्हती ती वर्षं आठवा. सरकारांना सक्तीचे परवाने (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणारे) देण्याचा हक्क आहे हे २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात पुन्हा ठासून लिहावं लागलं. मूळ सल्ला देताना त्या खोलीत एखादी रुग्णसंघटना, एखादं आरोग्य मंत्रालय बसलेलं असतं, तर सात वर्षं थांबावं लागलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

तळटीप

औषधवेल यांनी मांडलेला "खोलीत कोण" हा प्रश्न कोर्टातही गेला आहे. अमेरिकेत सल्लागार समित्यांवर १९७२ चा एक सर्वसाधारण कायदा आहे, समितीची रचना वेगवेगळ्या दृष्टिकोनांचा समतोल राखणारी हवी असं तो सांगतो. लाकूड आणि कागद या विषयांवरच्या व्यापार समित्यांत सगळे उद्योगाचेच लोक होते. पर्यावरण संघटनांनी दावा लावला आणि १९९९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या संघीय न्यायालयाने त्या समित्यांत पर्यावरणाची बाजू मांडणारा सदस्य घ्या असा आदेश दिला. जंगल तोडण्याच्या धंद्यावर सल्ला देताना जंगलाच्या बाजूने बोलणारा एकही नसणं, हे न्यायालयाला पटलं नाही.

पण एकाने काय होतं? वॉशिंग्टन पोस्टने २०१४ मध्ये या सगळ्या समित्यांची मोजदाद केली. ५६६ सल्लागारांपैकी ३०६ कंपन्यांचे आणि १७४ व्यापारी संघटनांचे. म्हणजे ८५ टक्के.

दर्यावर्दी

दुसरी बाजू मांडतो. मी मालवाहतुकीत आहे. उद्योगाचा सल्ला घेतला नाही म्हणून कंटेनर बंदरात कुजताना मी पाहिलेत. बाली इथे डिसेंबर २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरणाचा करार ठरला, २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो लागू आहे. त्यात नवे कस्टम्स नियम आणण्याआधी व्यापाऱ्यांना मत मांडायला वाजवी मुदत द्यावी असं कलमच आहे. प्रत्येक देशाने राष्ट्रीय समिती नेमायची हेही बंधन आहे. इथे ना पेटंटची भानगड ना मोठ्या कंपन्यांचं राजकारण. कागद किती, शिक्के किती, नाशवंत मालाला आधी सोडायचं की नाही, एवढंच. आणि गंमत नाही सांगत, छोट्या निर्यातदाराला यातून जो फायदा होतो तो दोन टक्के शुल्क कमी होण्यापेक्षा मोठा असतो. मोठी कंपनी दिरंगाई सोसू शकते, छोटा माणूस त्यात बुडतो.

सल्लागार म्हटलं की लगेच संशय, असं नको.

कागदपत्री

दर्यावर्दी, संशय नाहीच. तुम्ही सांगितलेला सल्ला आणि औषधवेल यांनी सांगितलेला सल्ला यांत जो फरक आहे, तोच मला पकडायचा आहे. बंदरातली दिरंगाई कमी झाली तर कुणाचं नुकसान होतंय? जवळपास कुणाचंच नाही. पेटंटची मुदत वाढली तर एकाचा नफा थेट दुसऱ्याच्या खिशातून येतो. पहिल्या प्रकारात उद्योगाला मोकळेपणी बोलू द्यावं. दुसऱ्या प्रकारात ज्याच्या खिशातून जाणार तोही समोर हवा.

औषधवेल, एक जोड देतो. मोजपट्टींनी सांगितलेल्या उत्तर अमेरिकेच्या नव्या करारात जैविक औषधांच्या (सजीव पेशींपासून बनणाऱ्या औषधांच्या) चाचण्यांच्या माहितीला दहा वर्षांचं संरक्षण आधीच्या मजकुरात होतं. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्तीने ते काढून टाकलं गेलं. काढायला लावलं संसदेतल्या सदस्यांनी. सल्लागार समित्यांच्या रचनेत तो तोल नव्हता, तो बाहेरून आला. त्याच दुरुस्त्यांत कामगारविषयक तरतुदींची अंमलबजावणीही कडक झाली आणि एरवी अशा करारांना विरोध करणाऱ्या तिथल्या सर्वात मोठ्या कामगार महासंघाने पाठिंबा दिला. हाच महासंघ आधीच्या, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या देशांच्या कराराविरुद्ध (टीपीपी) होता, आणि कामगार सल्लागार समितीचा अहवालही विरोधातच होता. तरी त्या करारावर ४ फेब्रुवारी २०१६ ला ऑकलंडमध्ये सह्या झाल्याच. वर्षभरात अमेरिका त्यातून बाहेर पडली. समितीत असणं आणि ऐकलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तळटीप

आणि कधी ऐकलं जातं हीसुद्धा. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर व्यापार आणि शेतीसाठी आयोग नेमला, पुढे त्याला कायद्याचा आधार दिला. ऑस्ट्रेलियाशी करारावर सही झाली डिसेंबर २०२१ मध्ये. आयोगाचा त्यावरचा अहवाल आला एप्रिल २०२२ मध्ये. आयोगाचं काम संसदेला छाननीत मदत करणं हेच ठरलेलं होतं, म्हणून क्रम नियमाप्रमाणेच होता. पण तोवर गोमांसाचा शुल्कमुक्त कोटा पहिल्या वर्षी ३५ हजार टन आणि दहाव्या वर्षी १ लाख १० हजार टन, हे आकडे पक्के झाले होते. २०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये माजी शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी संसदेत उभं राहून हा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही असं कबूल केलं. ते स्वतः त्या मंत्रिमंडळात होते. शेतीचं खातं आणि व्यापाराचं खातं यांच्यात आतल्या आत ओढाताण चालली होती हे बाहेरच्यांना तेव्हा कळलं.

युरोपीय आयोगाने अमेरिकेशी वाटाघाटी करताना २०१४ मध्ये सल्लागार गट नेमला, त्यात उद्योगाचे आणि ग्राहक, कामगार, पर्यावरण, आरोग्य या बाजूंचे लोक जवळजवळ निम्मे-निम्मे ठेवले. पुढच्या जानेवारीपासून स्वतःचे प्रस्ताव जाहीरही करायला लागला. करार शेवटी झाला नाही, पण मसुदा उघड केला तर वाटाघाटी करताच येत नाहीत ही सबब त्यानंतर पूर्वीसारखी चालत नाही.

चाकोरी

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहावंसं वाटलं. माझा छोटा कारखाना आहे, पोलादी पट्ट्यांपासून भाग बनवतो, बाहेरही पाठवतो.

कागदपत्रींनी सांगितलेल्या तीनशे ओळींच्या तक्त्यात उत्तर न देणारी मीच ती, असं समजा. का देत नाही ते सांगते. माझी संघटना ज्यांच्या हातात आहे ते माझे ग्राहक आहेत किंवा मला कच्चा माल विकणारे. "पोलादावर शुल्क वाढवू नका, मी मरेन" असं मी लिहिलं तर ते पत्र आधी माझ्या पुरवठादाराच्या हातात पडतं. पुढच्या महिन्यात माझी उधारीची मुदत कमी होते. दुसरं म्हणजे कुठून आणते, काय भावाने आणते, हे लिहून दिलं की माझ्याकडे राहिलं काय?

अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं तेव्हा मी ती बातमी रोज वाचत होते. सूट हवी असेल तर वापरणाऱ्या कारखान्याने प्रत्येक आकाराच्या मालासाठी वेगळा अर्ज करायचा, आणि देशी उत्पादकाने "हा माल आम्ही देऊ शकतो" अशी हरकत घेतली की पुन्हा उत्तर द्यायचं. पोलाद बनवणाऱ्या थोड्या कंपन्या, वापरणारे हजारो. थोड्यांकडे वकील आणि वेळ, हजारोंकडे काहीच नाही. २००२ मध्येही तिथे पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लागलं होतं, पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये उठवावं लागलं. तेव्हाही वापरणाऱ्यांची ओरड उशिराच एकत्र आली.

तर सल्लागार समितीत उद्योजक आहेत म्हणजे उद्योग आहे, असं कृपया धरू नका. आम्हीही उद्योगच आहोत.

मोजपट्टी

चाकोरी, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. मी वर "कंपनी प्रमुख कमी असावेत" म्हटलं, पण माझ्या डोक्यात मोठ्याच कंपन्यांचे हिशेबनीस होते. चूक झाली. आशिया-पॅसिफिक देशांच्या एपेकमध्ये १९९५ पासून व्यावसायिकांची सल्लागार परिषद आहे, प्रत्येक सदस्य देशातून तीन जण. तीन माणसांत छोट्या कारखान्याची वर्णी लागणार कशी?

औषधवेल

पत्र संघटनेमार्फत न जाता थेट आणि नाव झाकून जाण्याची सोय हवी. आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णांकडून माहिती घेताना आम्ही ओळख वेगळी ठेवतोच. व्यापार खात्यालाही ते जमेल. जाहीर करताना आकडे एकत्रित करा, नाव गाळा. मात्र कुणी मसुद्यातली वाक्यंच लिहून दिली असतील तर ती नावानिशी जाहीर व्हावीत.

दर्यावर्दी

याला माझंही अनुमोदन. मसुद्यातलं वाक्य सुचवणारा आपल्या नावाला लाजत असेल तर ते वाक्य घेऊच नये.

चाकोरी

एक साधा प्रश्न. उद्या अशी सूचना निघाली आणि थेट लिहायची सोय असली, तर मी नेमकं काय लिहू? "आमचं नुकसान होईल" असं सगळेच लिहितात.

कागदपत्री

बरोबर, आणि ती पत्रं वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. तुमच्या मालाचा एचएस कोड (शुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) लिहा, कच्च्या मालाचाही. आज किती शुल्क भरता आणि समोरच्या देशात तुमच्या मालावर किती लागतं ते लिहा. तुमच्या एका नगाच्या खर्चात आयात केलेल्या मालाचा वाटा किती टक्के, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मूळ देशाचा नियम ठरवताना तोच आकडा लागतो. दर सांगायची गरज नाही, टक्के पुरतात. पुरवठादार बदलायचा झाला तर नमुना पास होण्यापासून पहिला माल येईपर्यंत किती महिने लागतात तेही लिहा. सरकारी माणसाला वाटतं पुरवठादार आठवड्यात बदलतो. शेवटी, शुल्क एका दमात काढलं तर काय होईल आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने काढलं तर काय, हे वेगवेगळं लिहा. वाटाघाटीत मुदतीचीच घासाघीस जास्त असते, तिथे तुमचं एक वाक्य कामाला येऊ शकतं.

दोन पानांच्या वर जाऊ नका.

चाकोरी

कोड सहा अंकी लिहू की आठ अंकी?

कागदपत्री

दोन्ही लिहा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. समोरच्या देशाच्या तक्त्यात तुमचा माल कुठल्या ओळीत बसतो ते स्वतः तपासा, कारण सवलत त्या ओळीला मिळते. कच्चा मसुदा झाला की दर आणि नावं काढून इथे टाका. मी आणि मोजपट्टी बघून देऊ.

मोजपट्टी

नक्की. नियमाचा भाग मी बघतो.